मदत हवी आहे: परिचारिकांचं कौशल्य आणि रुग्णसेवेचा दर्जा, प्रबंधासाठी मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी सरकारी रुग्णालयात मेडिकल वॉर्डात ड्युट्या केल्यात. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, एथिक्स कमिटीपुढे जायचाय आणि मोजमापापाशी गाडं अडलंय.

गाईड म्हणतात, प्रश्नावली वाटा. फिनलंडच्या संशोधक मेरेतोया यांची २००४ सालची नर्स कॉम्पिटन्स स्केल, म्हणजे परिचारिकेचं कौशल्य मोजायची प्रश्नावली आहे. त्यात ७३ विधानं, सात गट, आणि सिस्टरनं स्वतःच स्वतःला गुण द्यायचे. काम झटपट उरकेल, पण मन मानत नाही. इन्चार्जच्या हातात जाईल अशी शंका असलेल्या कागदावर 'मला हे नीट जमत नाही' असं कोण लिहील?

मला प्रत्यक्ष काम पाहून मोजायचंय. सलाईनची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळीच घ्या. हात धुतले का, स्पिरिट सुकू दिलं का, ड्रेसिंगवर तारीख-वेळ घातली का, हँडओव्हर घेताना पुढच्या सिस्टरनं चादर सारून रुग्णाचा हात पाहिला का. शीर सुजली तर ती किती सुजलीय हे डोळ्यांनी पाहून व्हीआयपी स्कोअर ० ते ५ असा देता येतो, म्हणजे रुग्णाच्या बाजूचं मोजमापही तयार आहे. (बेडसोअरचाही विचार केला होता, पण ब्रेडन स्केल ही मोजपट्टी बेडसोअर होण्याचा धोका सांगते, सेवेचा दर्जा नाही.)

आता अडचणी. एकच रुग्ण तीन शिफ्टमध्ये तीन-चार सिस्टरांच्या हाताखालून जातो. सूज आली तर ती कुणाच्या खात्यात? शिवाय मी वही घेऊन उभी राहिले की त्या दिवशी सगळेच हात धुणार.

सगळ्यात जास्त छळतो तो मनुष्यबळाचा मुद्दा. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नाइटला भरलेल्या वॉर्डाला दोनच सिस्टर असतील, तर त्यांचं कौशल्य कमी की हात कमी? माझ्या प्रबंधातून सिस्टरांवर खापर फुटलं तर तो मला अन्याय वाटेल. जाणकारांनी, विशेषतः संख्याशास्त्रवाल्यांनी, मार्ग सुचवावा.

आकडेमोड_नाशिक: ताई, रुग्णाऐवजी कॅन्युला हे एकक धरा. ती कुणी लावली हे नोंदवता येतं, तेव्हा लावण्याचं कौशल्य त्या व्यक्तीच्या खात्यात. नंतरची देखभाल मात्र शिफ्टच्या खात्यात, आणि प्रत्येक शिफ्टला किती रुग्ण, किती सिस्टर हे रोज लिहून ठेवा. एकाच सिस्टरनं लावलेल्या कॅन्युला एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, म्हणून साधी काय-वर्ग चाचणी चालणार नाही, मल्टिलेव्हल मॉडेल लागेल, म्हणजे कॅन्युला आणि ती लावणारी सिस्टर असे दोन स्तर वेगळे धरणारं गणित. नमुना किती हवा हे त्यावरच ठरेल, आधी पायलट, म्हणजे छोटा चाचणी-अभ्यास करा.

निवृत्त_मेट्रन: बेटा, सुरुवातीचे काही दिवस नुसती वॉर्डात वावर, नोंदी घेऊ नकोस. सवय झाली की माणसं नेहमीसारखी वागतात. आणि काम कसं झालं याबरोबर कोणतं काम राहून गेलं, का राहिलं, हेही विचार. संशोधक कॅलिश यांनी २००६ पासून यावर काम केलंय, राहून गेलेल्या सेवेबद्दलच्या त्यांच्या मिसकेअर प्रश्नावलीत कारणांचा वेगळा भाग आहे. 'माणसं कमी होती', 'साहित्य नव्हतं' आणि 'निरोप पोचला नाही' ही कारणं तिथे वेगळी होतात.

धागाकर्ती: मॅडम, कारणांचा भाग नक्की घेते. सर, कॅन्युलाचं एकक पटलं, गाईडना उद्या दाखवते. एक राहिलं: चेकलिस्ट भरताना दुसरी निरीक्षक बरोबर ठेवून दोघींचं किती जुळतं हे कप्पानं, म्हणजे जुळणी मोजायच्या संख्याशास्त्रीय आकड्यानं, तपासायचं म्हणते. ती निरीक्षक त्याच वॉर्डातली असावी की बाहेरची?