वाचनालयाचा पगार कुणी द्यायचा: सरकारनं की गावानं?

पंचगंगाकाठ: ग्रंथालयांसाठी देशातला पहिला कायदा कोल्हापूर संस्थानानं केला, 1945 साली. त्याच जिल्ह्यात खेड्यातल्या 'ड' वर्ग, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातल्या, वाचनालयाला वर्षाला 48,000 रुपये अनुदान ठरलं. तेही 2022 च्या 60 टक्के वाढीनंतर. आधी 30,000 होतं. यातलं निम्मं वेतनासाठी. भागाकार करा, महिना 2,000. गवंड्याच्या हाताखालचा माणूस चार-पाच दिवसांत एवढं मिळवतो. ग्रंथपालाचा पगार सरकारनं थेट खात्यावर द्यावा, पुस्तकं आणि इमारत संस्थेनं बघावी.

महाद्वार_रोडवाला: आणि काम काय करणार? 2012 ला महसूल खात्यानं राज्यभर पडताळणी केली, तेव्हा कागदावरची वाचनालयं सापडलीच ना? आमच्याकडचं एक तर तपासणीच्या आदल्या दिवशीच झाडून निघतं. करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. ते लोकांनी जगवलं. वर्गणी काढा, देणग्या मागा.

आजरेकर: भावा, पेठेतल्या जुन्या संस्थेला देणगीदार मिळतात. आमच्या वाडीत पतसंस्था कॅलेंडर देते, तेवढंच. आणि बोगस निघाले म्हणून चांगल्यांनी का भोगायचं? त्या पडताळणीनंतर वर्गबदल कितीतरी वर्षं अडकून पडला. हजारो पुस्तकं वाढवून 'ड' ते 'ड'च.

सीमेवरचा: पलीकडं कर्नाटकात, निपाणीत घरपट्टीबरोबर 6 टक्के ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या 1967 च्या कायद्यात असला करच नाही, म्हणून दरवर्षी मंत्रालयाकडं बघत बसायचं.

महाद्वार_रोडवाला: घरपट्टी आधीच कमी हाय व्हय? आणि तिकडंसुद्धा पालिका उपकर गोळा करतात, पण ग्रंथालयांकडं वेळेत पोचवत नाहीत. बंगळूरच्या थकबाकीच्या बातम्या वाचा जरा.

पंचगंगाकाठ: मग थकवणाऱ्या पालिकेचा निधी अडवा, उपकर वाईट कसा? स्पर्धा परीक्षेची पोरं खाजगी अभ्यासिकेत महिन्याला शेकड्यानं पैसे मोजतात, फक्त पंखा आणि खुर्चीसाठी. तीच पोरं गावच्या वाचनालयात बसतील, पण दार उघडायला सकाळपासून माणूस पाहिजे.

महाद्वार_रोडवाला: माणूस ठेवा की. हजेरी मात्र बायोमेट्रिक, आणि महिन्याला किती पुस्तकं घरी गेली ते ग्रामसभेत वाचून दाखवायचं. एवढं मान्य असेल तर पगाराला माझा विरोध नाही.

आजरेकर: ग्रामसभेचं मान्य. बायोमेट्रिक यंत्राचे पैसे तेवढे अनुदानातून काढू नका.