अमेरिकेतली पीएच.डी. आणि आपली पाचवीतली मुलं

एम.ए. झाल्याबरोबर अमेरिकेत शालेय मानसशास्त्रात पीएच.डी. करावी का, हा तुमचा प्रश्न वाचला. खर्चावर इथे बरीच चर्चा झालीय, म्हणून वेगळं सांगते.

तिकडे शाळेत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला पीएच.डी. लागतेच असं नाही. स्पेशालिस्ट पदवी (एम.ए.च्या पुढची, पण पीएच.डी.च्या अलीकडची), १२०० तासांची इंटर्नशिप (निदान ६०० तास शाळेत) आणि परीक्षा, यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पीएच.डी. संशोधनाची ओढ असेल तरच करा.

आणि ती ओढ असेल तर विषय आपल्या दारात आहे. मी गोव्यात फोंड्याकडे शाळेत समुपदेशक आहे. इथली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. मग मूल वाचताना अडखळलं, तर ते डिस्लेक्सियामुळे (म्हणजे वाचन शिकण्यातल्या मूळच्या अडचणीमुळे) की नव्या भाषेमुळे? चाचणीही इंग्रजीतच घेतली तर कळणार कसं? माझ्याकडे अशीच एक मुलगी ‘अभ्यासात मागे’ म्हणून पाठवली होती. मराठी धडा हातात दिला, तर घडाघडा वाचला तिने! वर्षभर ती पोर गप्प बसली होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी एखादं वर्ष इथल्या शाळेत काढा. अर्जात लिहायला स्वतःचा प्रश्न सापडेल. ताळगावला गोवा विद्यापीठातही मार्गदर्शकांची चौकशी करून ठेवा.