मदत हवी आहे: दुर्बीण-सिम्युलेशन पॅकेजची समीक्षा करतेय, चाचण्या पास पण प्रकाशाची बेरीज जुळत नाही

नमस्कार. दुर्बिणीतून ताऱ्याची प्रतिमा कशी पडेल हे काढणाऱ्या एका पायथन पॅकेजची समीक्षा माझ्याकडे आली आहे. समीक्षक म्हणून ही माझी पहिलीच वेळ. समीक्षा खुली असल्यामुळे इथे विचारायला अडचण नाही, पॅकेजचं नाव मात्र मुद्दाम देत नाही.

परवाना, इन्स्टॉलेशन, उदाहरणं ठीक आहेत. चाचण्याही सगळ्या पास होतात.

मी स्वतः आधी साधं गोल छिद्र घेतलं. 2.4 मीटर व्यास, 500 नॅनोमीटर तरंगलांबी. पहिलं काळं वलय केंद्रापासून 0.052 आर्कसेकंदावर (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आलं, म्हणजे तरंगलांबी भागिले व्यास याच्या 1.22 पट. बरोबर. मग मध्ये निम्म्या व्यासाचा अडथळा ठेवला, तर वलय आत सरकून 1.00 पटीवर आलं. हेही बरोबर.

घोळ पुढे आहे. निम्म्या व्यासाचा अडथळा पाव क्षेत्रफळ झाकतो. म्हणून एकूण प्रकाश 75 टक्के उरायला हवा आणि प्रतिमेचं शिखर 0.75 चा वर्ग, म्हणजे 56.25 टक्के. पॅकेज दोन्ही शिखरं सारखीच दाखवतं, कारण प्रत्येक प्रतिमेला तिच्याच कमाल किमतीने भागलं जातं. तो पर्याय बंद केल्यावर शिखर जुळलं, पण एफएफटीचं (छिद्रावरून प्रतिमा काढणारं जलद फूरिये रूपांतर) पॅडिंग, म्हणजे छिद्राभोवती जोडलेली शून्यांची चौकट, 2 पटीवरून 4 पट केलं की पिक्सेलची बेरीज चौपट होते! दस्तऐवजात तर लिहिलंय की ही बेरीज म्हणजे दुर्बिणीत शिरलेला प्रकाश, आणि पुढचं मॉड्यूल त्यावरूनच फोटॉनचा गोंगाट काढतं. चाचण्यांना हे सापडत नाही, कारण त्या याच कोडच्या जुन्या आवृत्तीने साठवलेल्या प्रतिमांशी तुलना करतात आणि सगळीकडे पॅडिंग 2 आहे.

लेखकांनी मनापासून काम केलंय, त्यांना दुखवायचं नाही. हा मोठा दोष म्हणून नोंदवू की सूचना म्हणून? आणखी काय तपासू? फ्रेनेल प्रसारणाचा (प्रकाशलहर मधल्या अंतरांवर कशी पसरते ते काढणारा) भाग मला पेलणारा नाही, त्याचं काय करू?

प्रतिसाद 1
मोठा दोषच. दस्तऐवजातला दावा आणि कोड जुळत नाहीत, एवढं कारण पुरेसं आहे. हबल अवकाश दुर्बिणीच्या आरशाचंही असंच झालं होतं. तो ज्या नल करेक्टरने (आरशाचा आकार तपासण्याचं उपकरण) तपासत होते त्यातलंच एक भिंग 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं, त्यामुळे आरसा त्या उपकरणापुरता अचूक घासला गेला आणि कडेला सुमारे 2.2 मायक्रॉन जास्त सपाट झाला. दुसऱ्या, कमी अचूक मानलेल्या चाचण्यांनी दोष दाखवला होता, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. 1990 मध्ये दुर्बीण वर गेल्यावर कळलं. स्वतःच्याच जुन्या प्रतिमांशी तुलना ही त्याच जातीची चाचणी आहे. कागदावर उत्तर काढता येईल अशा चाचण्या मागा. तुमची 75 आणि 56.25 टक्क्यांची चाचणी तशीच्या तशी द्या, ती काही ओळींत लिहून होते.

प्रतिसाद 2
सममित प्रतिमांवर थांबू नका, त्यात दिशेच्या चुका लपतात. कोमा (ताऱ्याच्या प्रतिमेला धूमकेतूसारखी शेपटी फुटण्याचा दोष) लावा आणि शेपटी कुठल्या बाजूला जाते ते बघा. झर्निकेचे (प्रकाशलहरीतले दोष मांडायची प्रमाणित बहुपदं) क्रमांकही तपासा, ते मोजायच्या दोन पद्धती आहेत: गोलीय विपथन, म्हणजे हबलच्या आरशात होता तो दोष, नोलच्या पद्धतीत 11 वं, ओएसएच्या पद्धतीत 12 वं. दस्तऐवजात एक आणि कोडमध्ये दुसरी पद्धत, हे मी पाहिलंय. शिवाय तरंगलांबीच्या चौदाव्या भागाइतका आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) दोष दिला की स्ट्रेल गुणोत्तर, म्हणजे निर्दोष प्रतिमेच्या तुलनेत शिखराची उंची, 0.8 च्या आसपास यायला हवं.
फ्रेनेलबद्दल संपादकांना सरळ लिहा की एवढा भाग मी तपासलेला नाही. ते दुसरा समीक्षक बघतील. समीक्षेच्या यादीत न तपासलेल्या रकान्यात खूण मात्र करू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. स्ट्रेल जुळलं, झर्निकेचे क्रमांकही. कोमाची शेपटी मात्र दस्तऐवजातल्या आकृतीच्या उलट बाजूला निघाली. लहरीच्या सूत्रातल्या घातांकाचं चिन्ह अधिक धरलंय की उणे (त्यावर शेपटीची दिशा ठरते) हे कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे चूक कोडची की आकृतीची ते लेखकांनाच विचारावं लागेल. दोन्ही मुद्दे कोडसकट आज टाकते, आणि फ्रेनेलबद्दल संपादकांना वेगळं कळवते.