मदत हवी आहे : जीपीएलवालं सॉफ्टवेअर नाव बदलून विकतायत, नोटीस एकट्याने पाठवता येते का?

माझं बारकोड लेबल छापायचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, गिटहबवर (कोड ठेवायची साइट), लायसन्स जीपीएल व्हर्जन ३ (म्हणजे कोड कुणीही वापरा, बदला, वाटा, पण घेणाऱ्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, आणि तेच हक्क द्या असं खुलं लायसन्स). एक कंपनी तेच नाव आणि लोगो बदलून विकतेय. विकण्याला माझा आक्षेप नाही हां, जीपीएलमध्ये पैसे घेऊन विकायला पूर्ण मुभा आहे, पण सोर्स कोड देत नाहीत, कॉपीराइटच्या ओळी काढल्यात आणि वर 'कॉपी करण्यास मनाई' असा स्वतःचा करार चिकटवलाय.

मित्राने रीतसर बिल घेऊन एक कॉपी विकत घेतली. आत माझेच एरर मेसेज, 'प्रिंटर सापडाला नाही' ही माझी चूकसुद्धा तशीच! त्याने सोर्स मागितला तर 'आमचं प्रॉडक्ट आहे' एवढंच उत्तर. मी दोन मेल केले, शून्य रिप्लाय. डाउनलोड त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे म्हणून गिटहबकडे तक्रार करून उपयोग नाही. भारतात कॉपीराइट रजिस्टर करणं सक्तीचं नाही हे माहितीये, मी केलेलं नाही.

अडचण अशी की कोडमध्ये अजून दोघांचं काम आहे, कुणाकडूनच हक्क लिहून घेतले नव्हते आणि त्यातला एक आता सापडतच नाही. कोर्टाचा खर्च परवडणार नाही, मला फक्त सोर्स आणि नावं परत हवीत.

तर, माझ्या भागापुरती नोटीस मी एकटा पाठवू शकतो का? आणि जीपीएलच्या कलम ८ मधले, नोटीस मिळाल्यावर चूक सुधारायचे ते ३० दिवस माझ्या साध्या मेलपासून धरायचे की वकिलाच्या नोटिशीपासून?