'फॅमिलियर'नंतर 'टू' की 'विथ'?

प्रश्न : 'फॅमिलियर' या इंग्रजी विशेषणापुढे कधी 'टू' तर कधी 'विथ' आलेले दिसते. दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत का, आणि असल्यास निवड कशी करावी?

उत्तर : दोन्ही शुद्ध आहेत, मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही. वाक्याचा कर्ता जाणणारा असेल तर 'विथ' येते, जसे 'आय ॲम फॅमिलियर विथ धिस रूल'. आणि जी गोष्ट ठाऊक आहे तीच कर्ता असेल तर 'टू' येते, जसे 'धिस रूल इज फॅमिलियर टू मी'. हा भेद मराठीतही आहे : 'मी या नियमाशी परिचित आहे', पण 'हा नियम मला परिचित आहे'.

येथे मराठीचा आधार उपयोगी पडला, तरी एरवी तोच घात करतो. लग्न कोणाशी तरी होते म्हणून आपण 'मॅरिड विथ' लिहितो, प्रत्यक्षात 'मॅरिड टू' हवे. राग कोणावर तरी येतो म्हणून 'अँग्री ऑन' लिहिले जाते. व्यक्तीवरच्या रागासाठी 'विथ' किंवा 'ॲट', तर एखाद्या प्रकाराबद्दलच्या रागासाठी 'अबाउट' योग्य होय. 'माझ्यापेक्षा वरिष्ठ' या रचनेवरून येणारे 'सीनियर दॅन' तर कार्यालयीन पत्रांत सर्रास आढळते. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही मुळात लॅटिनमधील तुलनावाचक रूपे असून इंग्रजीत त्यांच्यापुढे 'टू' येते.

शंका : मग प्रत्येक विशेषणाची जोडी पाठच करायची का?

उत्तर : बऱ्याच अंशी होय, पण थोडी सोय आहे. विशेषण ज्या क्रियापदाशी संबंधित असते, त्याचेच शब्दयोगी अव्यय ते अनेकदा राखते : 'डिपेंड ऑन' तसे 'डिपेंडंट ऑन', 'डिफर फ्रॉम' तसे 'डिफरंट फ्रॉम'. हा नियम नव्हे, केवळ कल आहे. 'इंडिपेंडंट'पुढे 'ऑफ' येते, हे त्याचे ठळक उदाहरण.

माझ्या मते पाठांतरापेक्षा अधिक लक्ष द्यावे ते अव्यय बदलताच अर्थ बदलणाऱ्या विशेषणांकडे, कारण तेथे चूक झाली तरी वाक्य शुद्धच दिसते आणि वाचणारा निमूटपणे भलताच अर्थ घेतो. 'टायर्ड फ्रॉम' म्हणजे श्रमाने थकलेला, तर 'टायर्ड ऑफ' म्हणजे कंटाळलेला. 'कन्सर्न्ड अबाउट' यात काळजी आहे. एखादा अहवाल 'कन्सर्न्ड विथ' पाणीपुरवठा असेल, तर त्याचा विषय पाणीपुरवठा आहे एवढेच समजावे. 'रिस्पॉन्सिबल फॉर' यापुढे सोपवलेले काम येते, 'रिस्पॉन्सिबल टू' यापुढे ज्याला जाब द्यायचा तो वरिष्ठ.

पुरवणी : 'डिफरंट टू' ब्रिटिश इंग्रजीत आणि 'डिफरंट दॅन' अमेरिकन इंग्रजीत रूढ आहे, त्यामुळे त्यांना चूक म्हणता येणार नाही, औपचारिक लेखनात मात्र 'फ्रॉम' दोन्हीकडे निर्धोक आहे.