फेडरल कोर्टात शिरायला डोमिसाइलची झडती कशाला?

एडिसनकर:
अमेरिकेत वादी-प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असतील आणि वाद 75,000 डॉलरच्या वरचा असेल, तर साधा करारभंगाचा दावाही राज्याच्या कोर्टाऐवजी फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात लावता येतो. याला डायव्हर्सिटी ज्युरिस्डिक्शन म्हणतात. 1789 च्या कायद्यामागची धास्ती अशी, की परक्या राज्यातल्या माणसाला स्थानिक कोर्टात न्याय मिळणार नाही. माझं मत: ती धास्ती आता उरलेली नाही, तेव्हा ही सोय मोडीत काढा, निदान ‘राज्याचा नागरिक’ ठरवायची पद्धत तरी बदला. ‘वादी टेक्सासमध्ये राहतो’ एवढं लिहून भागत नाही. डोमिसाइल दाखवावं लागतं, म्हणजे तिथलं वास्तव्य आणि तिथेच राहण्याचा इरादा. आता इरादा कशाने मोजायचा? मतदार नोंदणी, लायसन्स, टॅक्स, घर, बायकामुलं कुठे आहेत... मूळ भांडण राहतं बाजूला. 1974 च्या मास विरुद्ध पेरी खटल्यात लुईझियानात शिकणारी एक विवाहिता मिसिसिपीचीच नागरिक ठरली. तिला मिसिसिपीला परतायचं नव्हतं, तरीही! कारण लुईझियानात ती फक्त शिक्षणापुरती होती.

कलमबहाद्दर:
त्यात चुकलं काय? नवं डोमिसाइल होईपर्यंत जुनं सुटत नाही. हा नियम नसता तर ती बाई कुठलीच राहिली नसती. आपल्याकडे तहसील कचेरीत डोमिसाइलच्या दाखल्यासाठी वास्तव्याची वर्षं मोजतात. तिकडे तशी अट नाही. आज चंबूगबाळं उचलून कायमचे ओहायोला गेलात, तर आजपासून ओहायोचे. नुसता पत्ता धरला तर दाव्यापुरती खोली भाड्याने घेणारे निघतील.
आणि पूर्वग्रह संपला, हे कोणी सांगितलं? टेक्सासमध्ये राज्याचे न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. स्थानिक वादी त्यांचा मतदार असतो, बाहेरची कंपनी नसते. फेडरल डिस्ट्रिक्ट जजची नेमणूक तहहयात असते, त्याला मतं मागायची नसतात.

बाणेरवासी:
‘कुठलीच राहिली नसती’ म्हणालात, त्या जमातीतला मी. अमेरिकन पासपोर्ट, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड आणि आता कायमचा मुक्काम पुण्यात. परदेशात डोमिसाइल असलेला अमेरिकन कुठल्याच राज्याचा नागरिक नाही, आणि परदेशी नागरिक तर नाहीच नाही. 1989 च्या न्यूमन-ग्रीन खटल्यात व्हेनेझुएलात स्थायिक झालेला असाच एक अमेरिकन प्रतिवादी होता. त्याला वगळलं तेव्हा कुठे बाकीचा खटला टिकला. ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे, त्यामुळे तीही वाट बंद.

कलमबहाद्दर:
राज्याचं कोर्ट आहे की. हक्क बुडत नाही तुमचा.

बाणेरवासी:
मग तो न्याय सगळ्यांना लावा! एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचा मुलगा न्यू जर्सीत राहून तिथल्याच घरमालकाला फेडरल कोर्टात खेचू शकतो, कारण तो परदेशी. ग्रीन कार्ड हातात आलं की 2011 च्या दुरुस्तीप्रमाणे तेच दार बंद, का तर दोघांचं डोमिसाइल एकाच राज्यात. तोच मुलगा भारतात नोंदलेल्या आणि भारतातूनच चालणाऱ्या कंपनीवर करारभंगाचा दावा घेऊन गेला, तर परदेशी विरुद्ध परदेशी, म्हणून पुन्हा नकार. या सगळ्यात स्थानिक पूर्वग्रहाचा संबंध कुठे आला, सांगा.

जुनीपानं:
एक आठवण करून देतो. ड्रेड स्कॉट या गुलामाचा खटला याच दारातून आला होता. मी मिझुरीचा नागरिक, प्रतिवादी न्यूयॉर्कचा, असं म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितलं. 1857 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आफ्रिकी गुलामांचे वंशज नागरिक होऊच शकत नाहीत, सबब फेडरल कोर्टाला अधिकारच नाही. अधिकारक्षेत्राचे नियम म्हणजे नुसती कारकुनी, असं कोणी समजू नये.

एडिसनकर:
नेमकं. आणि आजची सगळ्यात मोठी थट्टा एलएलसी, म्हणजे सभासदांची मर्यादित जबाबदारीची कंपनी. कॉर्पोरेशन सरळ असते: जिथे नोंदली ते राज्य आणि जिथून कारभार हाकला जातो ते राज्य, 2010 च्या सुप्रीम कोर्टाच्या हर्ट्झ निकालाने तेही पक्कं झालं. एलएलसी मात्र तिच्या प्रत्येक सभासदाच्या राज्याची नागरिक! सभासदच दुसरी एलएलसी असेल तर तिचेही सभासद शोधा. दोन्ही बाजूंना एक जरी माणूस एकाच राज्याचा निघाला, की 1806 पासूनच्या नियमाप्रमाणे खेळ खलास. 2003 मध्ये सातव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने ज्युरीचा 2,20,000 डॉलरचा निकाल पुसला, कारण अपिलात कळलं की इलिनॉयचे नागरिक दोन्हीकडे आहेत.

कलमबहाद्दर:
तो वकिलांचा आळस, नियमाचा दोष नव्हे. डिसेंबर 2022 पासून फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम 7.1 प्रमाणे आपापल्या नागरिकत्वाचं निवेदन आरंभीच द्यावं लागतं. तपासायला काय जातं? आणि दोन्ही बाजू राजी आहेत म्हणून कायद्याने न दिलेला अधिकार कोर्टाने घ्यायचा का? 1804 मध्ये तर हरलेल्या वादीनेच अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढून स्वतः लावलेल्या दाव्याचा निकाल उलटवला होता. कोडगेपणा खरा, पण मुद्दा बरोबर होता.

एडिसनकर:
निवेदन आलं तरी सभासदांची साखळी तीच राहते. खासगी गुंतवणूक फंडाचे शेकडो भागीदार कोण आणि कुठले, हे खुद्द फंडाला सांगताना घाम फुटतो.

कलमबहाद्दर:
एलएलसीपुरतं मान्य. पण तो बदल काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने करावा. 1958 मध्ये कॉर्पोरेशनसाठी कलम दुरुस्त केलं तसं. 2005 च्या क्लास ॲक्शन (अनेकांच्या वतीने एकत्र लावलेले दावे) कायद्यात तर असल्या संस्था जिथे स्थापन झाल्या आणि जिथे मुख्य कारभार आहे, तिथल्याच धरल्यात. तोच मजकूर बाकीच्या दाव्यांना लावा. माणसांच्या डोमिसाइलला मात्र हात लावू नका.

बाणेरवासी:
म्हणजे फंडांची सोय झाली, आमचं जैसे थे.