मदत हवी आहे: चांदीच्या जुन्या मेडलवरचा शिक्का कसा ओळखायचा?

मंडळी, एका जुन्या रोझरीला (ख्रिस्ती जपमाळेला) अडकवलेलं मदर मेरीचं लंबगोल 'चमत्कारी मेडल' माझ्याकडे आलंय. पुढे हातांतून किरण सोडणारी मारिया आणि कडेने फ्रेंच प्रार्थना; मागे क्रूस, एम अक्षर, दोन हृदयं, 12 तारे. त्यावर 1830 आहे, पण ते पॅरिसमध्ये कॅथरिन लाबुरे या ननला झालेल्या मारियाच्या दर्शनाचं साल. पहिली मेडल्स 1832 मध्ये निघाली आणि आजच्या मेडलवरही 1830 च असतं, त्यामुळे वय त्यावरून कळत नाही.

खरी अडचण कडीवरच्या शिक्क्याची आहे. भिंगातून तो रानडुकराच्या डोक्यासारखा वाटतो, म्हणजे पॅरिसची, 1838 नंतरची, हजारात किमान 800 भाग शुद्ध असलेली चांदी. पण इतका झिजलाय की पॅरिसबाहेरच्या फ्रेंच चांदीवरचा खेकड्याचा शिक्काही असू शकेल! शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची कारागिराची खूण आहे, अक्षरं मात्र लागत नाहीत.

झिजलेल्या शिक्क्यात हे दोन कसे वेगळे करायचे? वजन नगण्य असल्याने चांदीच्या भावाने मोल करणं मला चुकीचं वाटतं. मग कारागीर जास्त मोलाचा की नक्षीचा ठळकपणा? मारियाचा चेहरा बोटांनी पार गुळगुळीत झालाय. मला तोच सर्वांत प्रिय आहे, पण संग्राहक त्याकडे कसं पाहतात? काळपटपणा मुद्दाम घासलेला नाही. जाणकारांनी कृपया सांगा.